गाडीचे ऑइल : गरम असताना काढावे की थंड झाल्यावर?

घरच्या घरी करता येण्यासारख्या वाहन-देखभालीविषयी या सदरात लिहायला लागल्यापासून आलेली बरीचशी पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरतात : ऑइल बदलताना ते किती गरम असावे, आणि ते तितके गरम आहे हे ओळखावे कसे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्या एका विषयाला दिले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : माझ्याकडे अकरा वर्षे वापरलेली पेट्रोल मोटार आहे. निवृत्तीनंतर तिचे ऑइल मी स्वतः सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदलतो. आमचे नेहमीचे मेकॅनिक सांगतात की गाडी जागेवर पाच मिनिटे चालू ठेवावी आणि गरम ऑइल काढावे. शेजारचे एक निवृत्त अभियंते सांगतात की रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे थंड ऑइल सकाळी काढावे, कारण तोवर वरचे सारे ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात, उतरलेले असते. दोघेही अनुभवी आहेत. कोणाचे मानावे? आणि पाच मिनिटांत ऑइल खरोखर गरम होते का?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. जागेवर पाच मिनिटे चालू ठेवलेल्या मोटारीचे ऑइल फार तर कोमट होते. इंजिनातली सारी उष्णता शेवटी जळणाऱ्या पेट्रोलमधून येते, आणि आपल्यासारखी मध्यम मोटार जागेवर चालू असताना तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल जाळते. तीच मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने धावत असेल आणि लिटरला १७ किलोमीटर देत असेल, तर तासाला सुमारे तीन लिटर पेट्रोल जळते. म्हणजे उभ्या गाडीत उष्णतेची आवक एक चतुर्थांश. शिवाय ही उष्णता आधी ऑइलला मिळत नाही. थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारी वाट उघडणारी झडप) बंद असेपर्यंत, म्हणजे साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणीमिश्रित द्रव, इंजिनातल्या इंजिनातच फिरत राहते आणि लवकर तापते. ऑइल मात्र पिस्टनच्या खालच्या बाजूवरून, सिलिंडरच्या भिंतीवरून आणि बेअरिंगांमधून फिरून पुन्हा पुन्हा तळाच्या थंड चेंबरमध्ये येऊन पडते. बेअरिंगांमध्ये ऑइलचा थर घासला जाऊन जी उष्णता निर्माण होते, तीही फेरे वाढले की वाढते, आणि जागेवर चालणाऱ्या इंजिनाचे फेरे सर्वांत कमी असतात. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला याचा अर्थ कूलंट गरम झाले, एवढाच. ऑइलला तितके तापायला रस्त्यावरही साधारण दुप्पट वेळ लागतो.

ऑइल किती लवकर आणि किती तापेल, हे आणखी काही गोष्टींवर ठरते. स्कूटरमध्ये पाऊण लिटरच्या आसपास ऑइल असते, मोटारसायकलमध्ये लिटरभर, लहान मोटारीत तीन ते चार लिटर. जितके जास्त, तितके ते सावकाश तापते आणि सावकाशच निवते. चेंबर गाडीच्या पोटाशी असते आणि धावताना त्याला सतत वारा लागतो, म्हणून खाली प्लास्टिकचे आवरण असलेल्या गाडीत ऑइल जरा लवकर तापते. काही गाड्यांत कूलंट आणि ऑइल यांच्यात उष्णतेची देवघेव करणारा छोटा कूलर असतो. तो सुरुवातीला ऑइलला तापवतो आणि पुढे त्यालाच थंड ठेवतो. टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असेल तर त्याच्या बेअरिंगांमधून जाणारे ऑइल फार तापून परत येते. आणि बाहेरची हवा हा घटक तर आहेच. पुण्यात त्याला किती महत्त्व आहे, ते पुढे सांगतो.

आता मुख्य मुद्दा. तापमानाचा इतका विचार करायचा कशासाठी? ऑइलच्या दाटपणासाठी, म्हणजे शास्त्रीय भाषेत श्यानतेसाठी. ती सेंटिस्टोक्स या एककात मोजतात. २० अंशांवरच्या पाण्याची श्यानता साधारण १ सेंटिस्टोक असते. आपल्याकडे पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या २०डब्ल्यू-४० या ग्रेडचे नमुन्यादाखल आकडे घेऊ. १०० अंशांवर तिची श्यानता १४ च्या आसपास, ६० अंशांवर ४७, ५० अंशांवर ७०, ४० अंशांवर ११०, २० अंशांवर ३३० आणि १२ अंशांवर जवळपास ५७० असते. कंपनीगणिक हे आकडे थोडे बदलतील, पण त्यांची चाल हीच राहील. खाली उतरताना एकेका अंशाचा परिणाम अधिकाधिक तीव्र होत जातो, हे त्यात पाहण्यासारखे आहे. ६० अंशांच्या थोडे पुढे गेलेले इंजिन ऑइल जवळजवळ उन्हाळ्यातल्या शेंगदाणा तेलाइतके पातळ असते, आणि जानेवारीच्या सकाळी तेच काकवीची आठवण करून देते.

ड्रेन बोल्ट, म्हणजे चेंबरच्या तळाचा ऑइल सोडण्याचा बोल्ट, काढल्यावर पहिली मोठी धार पडते ती ऑइलच्या स्वतःच्या वजनाने. तिला तापमानाचा फरक पडतो, पण काही मिनिटांचाच. खरा प्रश्न धार संपल्यानंतर सुरू होतो. इंजिनाच्या आतल्या भिंतींवर, आडोशांत आणि चेंबरच्या तळावर ऑइलचा जो पातळ थर चिकटून राहिलेला असतो, तो ओघळून खाली यायला वेळ लागतो. उभ्या पृष्ठभागावरून ओघळणाऱ्या द्रवाचा नियम असा की ठरावीक जाडीचा थर शिल्लक राहायला लागणारा वेळ श्यानतेच्या प्रमाणात वाढतो. श्यानता दुप्पट असेल तर वेळ दुप्पट. म्हणजेच तापमान आणि वेळ या दोन्हींचा आपसात बदला करता येतो. आपल्या मेकॅनिकना वेळ नसतो, त्यांच्या दारात दुसरी गाडी उभी असते, म्हणून ते तापमान मागतात. आपल्या शेजाऱ्यांकडे वेळ आहे, म्हणून त्यांना तापमानाची गरज वाटत नाही. वेळ मोजला नाही तर मात्र दोघांचीही पद्धत फसते.

ढोबळ हिशेब करून पाहू. ५० अंशांवरचे ऑइल १५ मिनिटे निथळू दिले, तर जितका थर मागे राहील, तितकाच थर ९५ अंशांवर साडेतीन मिनिटांत राहील. १२ अंशांवर मात्र त्यासाठी दोन तास लागतील. प्रत्यक्षात उघड्या बोल्टातून निथळताना ऑइल निवत जाते, त्यामुळे गरम ऑइलचा फायदा यापेक्षा थोडा कमीच असतो. माझे मत यावरूनच बनले आहे : ५० वरून ९५ अंशांवर जाऊन आपण जेमतेम अकरा-बारा मिनिटे वाचवतो, आणि त्या बदल्यात भाजण्याचा धोका विकत घेतो. घरी काम करणाऱ्याने हा सौदा करू नये.

इथे पुण्याचा ऋतू आडवा येतो. थंड देशांत लिहिलेल्या सल्ल्यांमध्ये ‘थंड ऑइल’ म्हणजे शून्याच्या आसपासचे ऑइल. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १०-१२ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो, तर एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांच्या पुढे जातो. एप्रिलच्या दुपारी सावलीत उभ्या असलेल्या गाडीचे ‘थंड’ ऑइलदेखील ३८ अंशांवर असते, आणि वरच्याच हिशेबाने त्याला १५ ऐवजी साधारण २५ मिनिटे पुरतात. तेव्हा आपल्या शेजाऱ्यांची पद्धत एप्रिल-मे महिन्यांत, सकाळऐवजी दुपारी वापरली तर, निर्धोक आणि उत्तम आहे. जानेवारीत मात्र बोल्ट काढून दोन तास वाट पाहण्याची तयारी असेल तरच ती वापरावी.

रात्रभर गाडी उभी राहिल्याने वरचे ऑइल खाली येते, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण गाडी बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबल्यावर त्यातले बहुतेक ऑइल उतरलेलेच असते, कारण तेव्हा ते गरम आणि पातळ असते. ऑइल गाळणाऱ्या फिल्टरमध्ये अडकलेले दोनशे-तीनशे मिलिलिटर ऑइल मात्र रात्रभर थांबूनही पूर्ण खाली येत नाही. इंजिन बंद झाल्यावर फिल्टर रिकामा होऊ नये म्हणून अनेक फिल्टरांत मुद्दाम झडप बसवलेली असते. फिल्टर बदलल्याशिवाय ऑइल बदलणे हे अर्धवट काम आहे, आणि दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी ते कोणी करू नये असे मला फार वाटते.

गरम ऑइलबरोबर सारी घाण निघून जाते आणि थंड ऑइलमध्ये ती तळाशी बसून राहते, असेही आपण ऐकले असेल. हे अर्धेच खरे आहे. ऑइल काळे करणारी काजळी मायक्रॉनपेक्षाही बारीक असते आणि ती तरंगत राहावी यासाठी ऑइलमध्ये मुद्दाम रसायने घातलेली असतात, त्यामुळे एका रात्रीत ती खाली बसत नाही. धातूचे जाडसर कण बसतात. ते धारेबरोबर वाहून जावेत यासाठी धार जोरकस हवी, आणि त्या दृष्टीने कोमट ऑइल बरे पडते.

आपल्यासाठी माझा सल्ला असा. सकाळी कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ चढून, थोडे पुढे जाऊन, एकूण पंधरा-वीस मिनिटांचा फेरफटका मारून परत यावे. चढावर इंजिनावर ताण येतो आणि ऑइल लवकर तापते. गाडी सपाट जागी लावावी, ऑइल भरण्याचे झाकण सैल करून ठेवावे आणि चहा घेऊन यावे. थंडीत अर्धा-पाऊण तास, उन्हाळ्यात तासाभराच्याही पुढे थांबावे. मोटारीत तीन-साडेतीन लिटर ऑइल असते, ते घाईने निवत नाही. चेंबर हाताला गरम लागेल पण हात तीन-चार सेकंद ठेवता येईल, अशा वेळी बोल्ट काढावा आणि वीस मिनिटे निथळू द्यावे. बोल्ट परत बसवताना वॉशर नवा घालावा. नाना पेठेत तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. बोल्ट माहितीपुस्तिकेत दिलेल्या ताकदीनेच आवळावा. अॅल्युमिनियमचे चेंबर तापल्यावर पोलादी बोल्टाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे ते पुरते निवल्यावर एकदा बोल्टापाशी बोट फिरवून ओल आहे का, हे पाहावे. जास्त आवळून आटे गेले, तर सारे चेंबर बदलण्याची पाळी येऊ शकते.

प्रश्न : मी मोटारसायकलने साताऱ्याहून खंबाटकी घाटामार्गे आलो आणि घराजवळच्या एका गॅरेजमध्ये लगेच ऑइल बदलायला गाडी दिली. तिथल्या मुलाने त्याच क्षणी बोल्ट काढला. ऑइल त्याच्या हातावर आणि थोडे माझ्या पायावर उडाले. माझ्या पायाला फोड आला आणि त्याचा हात बराच भाजला. असे गरम ऑइल काढणे चूकच होते ना? किती वेळ थांबायला हवे होते?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर : चूकच होते, आणि ती त्या मुलाची नव्हे, त्याला काम शिकवणाऱ्यांची होती. इतक्या दूरच्या दौडीनंतर हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलचे ऑइल ९० ते १०० अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही वर असू शकते. अशा इंजिनात उष्णता बाहेर काढण्याच्या कामात ऑइलचा वाटा मोठा असतो. घाटात ताण जास्त आणि वेग कमी, म्हणजे तापणे जास्त आणि वारा कमी. घाट उतरून शहरात शिरल्यावर वाहतुकीत खोळंबा झाला असेल तर वारा जवळजवळ थांबतोच, आणि इंजिन आणखी तापते.

६० अंशांच्या पाण्याने मोठ्या माणसाची त्वचा साधारण पाच सेकंदांत गंभीर भाजते, ७० अंशांच्या पाण्याने जेमतेम एका सेकंदात. पाणी निदान ओघळून तरी जाते. ऑइल त्वचेला चिकटून बसते. म्हणून ९५ अंशांचे ऑइल आणि उघडा हात यांची गाठ पडूच देऊ नये. बोल्टाच्या शेजारून जाणारा सायलेन्सरचा पाइप ऑइलपेक्षाही कितीतरी जास्त तापलेला असतो, हेही विसरून चालत नाही.

किती थांबावे याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण वस्तू निवण्याचा वेग तिच्या आणि हवेच्या तापमानातील फरकावर अवलंबून असतो. समजा जानेवारीत, हवा १४ अंशांवर असताना, आपल्या गाडीचे ऑइल ९५ वरून ६० अंशांवर यायला अर्धा तास लागत असेल, तर एप्रिलच्या दुपारी, ३८ अंशांच्या हवेत, त्याच कामाला सुमारे ५० मिनिटे लागतील. उन्हाळ्यात ऑइल लवकर तापते म्हणून लोक घाई करतात, पण तेव्हाच ते जास्त वेळ गरम राहते, हे ध्यानात ठेवावे. मोटारसायकलसाठी थंडीत निदान पाऊण तास आणि उन्हाळ्यात तासाभराहून अधिक, हे मी धरून चालतो. तरीही घड्याळावर विसंबू नये. आधी हाताची पाठ चेंबरजवळ नेऊन धग पाहावी आणि मगच स्पर्श करावा. बोल्ट शेवटचे दोन-तीन आटे उरले की वर दाबून धरून फिरवावा आणि झटकन बाजूला घ्यावा, म्हणजे धार हातावर येत नाही. नायट्राइलचे लांब हातमोजे वापरावेत. वापरलेले ऑइल वारंवार त्वचेला लागणे थंड असतानाही अपायकारक असते, आणि गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांचे हात दिवसभर त्यात बुडालेले असतात. ज्यांच्या गॅरेजमध्ये आपण जातो त्यांना हातमोज्यांविषयी विचारावे, अशी मी वाचकांना कळकळीची विनंती करतो.

कोणाला भाजलेच, तर भाग लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा आणि अंगठी, घड्याळ, कडे काढून घ्यावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांतले काहीही लावू नये. फोड मोठा असेल किंवा हात, चेहरा, सांधा यांना भाजले असेल, तर डॉक्टरांकडे जावे. त्या मुलाच्या हाताची चौकशी आपण केली असेल, अशी आशा आहे.

प्रश्न : नवीन ऑइल भरल्यावर डिपस्टिकवर (ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीवर) पातळी बरोबर वरच्या खुणेला होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आल्याबरोबर पाहिली तर खालच्या खुणेच्या जवळ, आणि त्यानंतर सकाळी पाहिली तर पुन्हा वर. ऑइल कुठे जाते आणि कसे परत येते?
(एक वाचक, धनकवडी)

उत्तर : ऑइल कुठेही गेलेले नाही. आपण तीन वेळा तीन वेगळ्या अवस्थांत मोजले. इंजिन चालू असताना बरेचसे ऑइल वरच्या भागात, वाहिन्यांत आणि भिंतींवर असते, आणि बंद केल्याबरोबर पाहिले तर ते अजून खाली आलेले नसते. म्हणून संध्याकाळचे वाचन कमी आले. रात्रीत ते उतरले.

गरम झाल्यावर ऑइल प्रसरण पावते, हा परिणाम याच्या उलट दिशेने जातो. एका अंशाला साधारण ०.०७ टक्के, म्हणजे साडेतीन लिटर ऑइल २० वरून ९० अंशांवर गेले की त्याचे आकारमान सुमारे १७० मिलिलिटरने वाढते. अनेक मोटारींत डिपस्टिकच्या दोन खुणांमधले अंतर लिटरभराचे असते, त्याचा हा सहावा हिस्सा झाला. दुर्लक्ष करण्याइतका तो लहान नाही, घाबरण्याइतका मोठाही नाही.

कोणत्या अवस्थेत मोजावे हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. काही कंपन्या गरम इंजिन बंद करून काही मिनिटांनी मोजायला सांगतात, काही थंड असताना. मोटारसायकलींत आणखी एक भेद असतो : गाडी सरळ उभी धरून मोजायचे, आणि काहींत डिपस्टिक आट्यांत फिरवून न बसवता नुसती टेकवायची. पुस्तिकेत जे असेल तेच दर वेळी करावे. भरताना पुस्तिकेतल्या मापापेक्षा दोनशे-तीनशे मिलिलिटर कमी भरावे, इंजिन मिनिटभर चालवून फिल्टर भरू द्यावा, दहा मिनिटे थांबावे आणि मग उरलेले थोडे थोडे घालत खुणेपर्यंत आणावे. अति भरलेल्या ऑइलमध्ये क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) बुडून फेस होतो, आणि फेसाळ ऑइल बेअरिंगांना पुरेसा दाब देऊ शकत नाही.

प्रश्न : मी लांबून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. फिरून आल्यावर चेंबरवर धरला तर ४१ अंश दाखवतो, पण हात लावला तर चटका बसतो. यंत्र बिघडले आहे का?
(एक वाचिका, बाणेर)

उत्तर : यंत्र बहुधा ठीक आहे. असे थर्मामीटर पृष्ठभागाकडून येणाऱ्या अवरक्त किरणांवरून अंदाज बांधते, आणि चकचकीत अॅल्युमिनियम असे किरण फारच कमी सोडते. उलट भोवतालच्या थंड जमिनीचे प्रतिबिंब त्यात मिसळते. चेंबरवर इंजिन थंड असताना काळ्या चिकटपट्टीचा इंचभर तुकडा लावून ठेवावा आणि मोजताना यंत्र अगदी जवळून त्यावरच धरावे, वाचन पुष्कळ खरे येईल. तरीही ते धातूच्या बाहेरच्या बाजूचे तापमान आहे. धावून आल्या-आल्या वाऱ्याने बाहेरची बाजू आतल्या ऑइलपेक्षा थंड असते, म्हणून पाच-दहा मिनिटे थांबून मोजावे. शंका असेल तर चटका बसलेल्या बोटावर विश्वास ठेवावा.

प्रश्न : माझी डिझेल मोटार २०२१ सालची आहे. घर ते ऑफिस तीन किलोमीटर. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते आहे. हा तापमानाचाच परिणाम का?
(एक वाचक, हडपसर)

उत्तर : तापमानाचाच, पण प्रसरणाचा नव्हे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या धूर-प्रदूषणाच्या मानकांनंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरत आला की इंजिन जादा डिझेल फवारून धुराचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि ती काजळी जाळते. अनेक गाड्यांत हे डिझेल सिलिंडरमध्येच फवारले जाते, आणि त्यातले थोडे भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते. तीन किलोमीटरच्या फेरीत हे जाळण्याचे काम मध्येच तुटते आणि पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होते. ऑइलही कधी पुरेसे तापत नाही. पेट्रोल गाडीत लांब फेरीत मिसळलेले इंधन बऱ्यापैकी उडून जाते. डिझेल जड असते, ते सहजी उडत नाही.

हे ऑइल पातळ होत जाते आणि बेअरिंगांचे रक्षण करण्याची त्याची शक्ती घटते, म्हणून वाढलेली पातळी ही शुभवार्ता नव्हे. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता ऑइल आणि ऑइलचा फिल्टर बदलावा. थोडे काढून खुणेपर्यंत आणणे हा उपाय नाही, कारण उरलेलेही पातळच असते. पुढे आठवड्यातून एकदा सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनपर्यंत तरी सलग, न थांबता जाऊन यावे. काजळी जाळण्याचे काम त्यात पुरे होते, आणि ऑइल पुरेसे तापल्याने त्यातले पाणीही वाफ होऊन निघून जाते. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला, तर तो बहुधा याच न उडालेल्या पाण्याचा असतो. मात्र त्याच वेळी कूलंटची पातळीही घटत असेल, तर मेकॅनिकना दाखवायला उशीर करू नये.

प्रश्न : काढलेले ऑइल मी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतले, तर बाटली आक्रसून वाकडी झाली आणि फरशीवर सांडले. आता ते कुठे द्यावे?
(एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : पाण्याच्या पातळ बाटलीचे प्लास्टिक ७० अंशांच्या आसपास मऊ पडते. ऑइल ट्रेमध्येच पूर्ण निवू द्यावे आणि नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून घट्ट झाकण लावावे. फरशीवरचे ऑइल लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून टिपून घ्यावे, पाण्याने धुऊन गटारात सोडू नये. आपल्या गटारांतून वाहणारे बरेच पाणी शेवटी मुठेलाच मिळते. वापरलेले ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. मोठी सर्व्हिस सेंटर त्यांच्याकडचे ऑइल अशा ठिकाणी पाठवतात. नवे ऑइल किंवा फिल्टर जिथून घेता तिथे आधी फोनवर विचारून डबा नेऊन द्यावा. त्यात पाणी, पेट्रोल किंवा कूलंट मिसळू नये, कारण भेसळीचे ऑइल पुन्हा शुद्ध करणे अवघड होते.